एका ताटाचा वर्ग

लातूरच्या चर्चच्या फाटकावर सध्या जो फ्लेक्स लागला आहे, त्यावर माझ्या आईवडिलांचा फोटो आहे. बाबा खुर्चीत ताठ बसले आहेत, आई मागे उभी आहे, तिचा उजवा हात बाबांच्या खांद्यावर आहे. खाली 'आदर्श ख्रिस्ती दांपत्य' अशी सोनेरी अक्षरं, आणि त्याच्याही खाली जोडप्यांच्या शिबिराची जागा, वेळ आणि 'नाश्त्याची सोय आहे' हे आश्वासन. तिथल्या तरुण पाळकसाहेबांनी मला तो मोबाइलवर पाठवला आणि मागोमाग फोन केला. "काका, गाडी घेऊन नांदेडला मी स्वतः येतो. तुम्ही फक्त थोडा वेळ बोला. मास्तर आणि बाई घरात कसे राहायचे, तेवढंच सांगा. आजकालच्या पोरांना असलं काही बघायलाच मिळत नाही हो." मी आधी हो म्हटलं, मग गुडघ्याचं कारण पुढे केलं. फोन ठेवल्यावर तोंडाला कडू पाणी सुटलं. तो फोटो काढला तेव्हा मी स्टुडिओत होतो. आईचा हात खांद्यावर फोटोग्राफरनं ठेवला होता, मनगटाला धरून, कापडाच्या दुकानातल्या पुतळ्याचा हात वळवावा तसा. फोटो निघाल्याबरोबर तिनं तो काढला आणि पदराला पुसला.

आम्ही नांदेडला चर्चच्या कंपाउंडमागच्या दोन खोल्यांत राहायचो. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चच्या पंचांपैकी एक. पाळकसाहेबांच्या खालोखाल शब्द चालायचा तो त्यांचाच. पहाटे गुरुद्वाऱ्याचं कीर्तन वाऱ्यावर यायचं, मग स्टेशनातल्या इंजिनांच्या शिट्ट्या, मग आईचं भाकरी थापणं. त्यानंतर घरात माणसाचा म्हणून जो आवाज असायचा तो बहुतेक माझाच. बाबा पुढच्या खोलीतून म्हणायचे, "सुधीर, आईला विचार, माझा इस्त्रीचा सदरा कुठं आहे." आई त्याच घरात चार हातांवर चुलीपाशी. ती मान न वळवता म्हणायची, "खुंटीला आहे म्हणावं."

"खुंटीला नाही म्हणून सांग तिला."

"डोळ्यांतली घाण काढून बघा म्हणावं."

"काय म्हणाली?"

"खुंटीलाच आहे म्हणते. नीट बघा म्हणते."

हे माझं काम होतं. एकाचं बोलणं दुसऱ्याकडे न्यायचं आणि नेता नेता त्याचे काटे काढायचे. मी त्यात इतका तरबेज झालो होतो की वाक्य ऐकता ऐकताच त्याला साखर लागलेली असायची. पुढं नोकरीत साहेब लोक माझ्या गोड जिभेचं कौतुक करायचे. मला त्या कौतुकाची नेहमी शिसारी आली, कारण ती जीभ कुठं तयार झाली ते मला ठाऊक होतं.

आई बाबांशी का बोलत नव्हती, हे सगळ्या चर्चसमोर घडलं होतं आणि तरी कुणाला कळलं नव्हतं. आई उदगीरची. शाळेच्या बोर्डिंगात वाढलेली. लग्नाआधी तिथल्या एका लिंगायत कापडवाल्याच्या मुलाशी तिचं मन जुळलं होतं. बोलणं, बघणं, याच्या पुढं काही नाही. दोन्ही घरांना ते चालण्यासारखं नव्हतंच. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, नवरा आपला आहे या भरवशावर, तिनं हे बाबांना सांगितलं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि जपून ठेवलं. मी बारा-तेरा वर्षांचा असताना एका रविवारी बाबा उपासनेत क्षमेवर बोलायला उभे राहिले आणि उदाहरण म्हणून त्यांनी तेच दिलं. "माझी बायको लग्नाच्या आदल्या दिवशी रडत होती. माहेरासाठी नव्हे. दुसऱ्यासाठी. मी तिला क्षमा केली, बंधूभगिनींनो. पूर्ण क्षमा केली." बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना आईकडे वळल्या. एका म्हातारीनं तर नीट दिसावं म्हणून चष्मा पुसला. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी 'आमेन' म्हणालं. आई मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकाकडे बघत बसली. त्या दिवसापासून ती बाबांशी बोलली नाही. बाबांना आपलं काय चुकलं हे शेवटपर्यंत समजलं नाही; त्यांनी तर साक्ष दिली होती.

आणि या माणसानं जोडप्यांचा वर्ग काढला. म्हणजे त्याचं कारणही खोटं नव्हतं. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं आणि मनात वैर असलेल्यानं ते घ्यायचं नाही, असा नियम. नवराबायकोची भांडणं इतकी असायची की निम्मे लोक पुढं यायचेच नाहीत. बाबांना गावाकडची रीत आठवली. भावकीतलं भांडण मिटलं की दोघांना एका ताटात जेवायला बसवतात. त्यांनी आदल्या शनिवारी, दिवस मावळायच्या आत, शाळेच्या खोलीत सतरंज्या घालून जोडप्यांना समोरासमोर बसवायला सुरुवात केली. मध्ये एक ताट. नवऱ्यानं पहिला घास बायकोला भरवायचा आणि म्हणायचं, "माझं चुकलं." बायकोनं त्याला भरवायचं आणि म्हणायचं, "माझंही." काय चुकलं ते मात्र बोलायचं नाही. हा बाबांचा खास नियम. "चूक उकरली की भांडण पुन्हा उगवतं," ते सांगायचे. "शेतकरी पेरलेलं उकरून बघतो का?" लोकांना हे फार आवडलं. पुरुषांना विशेष.

जोडप्यांना चर्चनं शिकवू नये असं माझं म्हणणं नाही. ज्या काळात नवरा जेवून उठल्यावर त्याच्या खरकट्या ताटात बायको जेवायची, त्या काळात दोघांना एकाच वेळी जेवायला बसवणं ही लहान गोष्ट नव्हती. काही संसार त्या खोलीत खरोखर सावरले. एक सुतार होता, त्यानं घास हातात धरून हमसाहमशी रडत बायकोचे पाय धरले होते आणि पुढं आयुष्यभर तो तिच्याशी माणसासारखा वागला. म्हणून तर मला त्या वर्गाची जास्त चीड येते. औषधच खोटं असतं तर कुणी घेतलं नसतं.

वर्गाची सुरुवात बाबा आणि आई करून दाखवायचे. बहुतेक वेळा येसराची आमटी आणि त्यात कुस्करलेली भाकरी. येसराचं, म्हणजे धान्य-डाळींचं ते मसालेदार पीठ, आई घरीच भाजून करायची. तो खमंग वास अजूनही कुठल्या घरातून आला तर मी रस्ता बदलतो. दोन हात एका ताटात शिरायचे, काला व्हायचा, बोटांवरून आमटी मनगटाकडे ओघळायची. बाबा घास उचलायचे, खोलीभर नजर फिरवायचे, मग आईच्या तोंडात घालायचे. आई तोंड उघडायची. "माझं चुकलं," बाबा खणखणीत आवाजात. "माझंही," आई. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी कोपऱ्यात पेटीवर असायचो. बाबांनी हात वर केला की गीत सुरू करायचं. घरी आल्यावर आई चपला काढून थेट मोरीत जायची आणि गुळण्या करायची. एक, दुसरी, तिसरी, घशापर्यंत पाणी नेऊन. पुढच्या खोलीत बाबा शीळ घालत कोट काढत असायचे. शनिवारची संध्याकाळ म्हटली की मला गीत आठवत नाही, त्या गुळण्या आठवतात.

मी एकदा तिला विचारलं, "मग जातेस कशाला?"

"त्यांच्या घरात राहते, त्यांच्या दाण्याची भाकरी खाते," ती म्हणाली. "बोलणं तेवढं माझं आहे. ते घरात देत नाही. तिकडचं ते बोलणं नव्हे. पोपटाचं आहे ते."

वर्गाचं नाव झालं. लातूरच्या चर्चनं बोलावलं, मग उदगीरनंही. उदगीरला आई गेली नाही. लातूरला एसटीनं जाताना तिघांच्या बाकावर मी मध्ये. अहमदपूरला बस थांबली की बाबा म्हणायचे, "विचार, चहा घेणार का." आई खिडकीबाहेर बघत म्हणायची, "नको म्हणावं." लातूरच्या स्टँडवर लोक हार घेऊन उभे असत. "सलाम मास्तर! आलं, आलं जोडपं!" बसच्या शेवटच्या पायरीवर आईच्या चेहऱ्यावर हसू यायचं. दिवा लागावा तसं. आणि मी? मीही हसायचो. मला त्या घराचा मुलगा असण्यात मजा येत होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षातला पोरगा, लातूरच्या बायका माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणायच्या, "नशीबवान आहेस रे, असल्या घरात जन्मलास." ती मजा मला सोडवत नव्हती. या सगळ्यात सगळ्यात ओंगळ काही असेल तर ते हे आहे.

सुवार्ताचं माहेर मुखेड. मुदखेडला दिली होती, रेल्वेत पॉइंट्समन असलेल्या याकोबला. दोघं रविवारी गाडीनं नांदेडला उपासनेला यायची. वर्षा-दीड वर्षाचं लग्न, तिला तेव्हा पाचवा की सहावा महिना होता. एका रविवारी उपासना संपली, लोक उठले, ती उठेना. बायकांनी हात दिला तर तिनं सतरंजी घट्ट धरली. "म्या न्हाई जात मुदखेडला."

पंच जमले. याकोब टोपी हातात घेऊन उभा.

"काय झालं बाई? मारतो का?" बाबांनी विचारलं.

"न्हाई. मारत न्हाईत. डुटीवर जाताना भाईरून कुलूप घालतेत. रातपाळी असली तर रातभर. पाणी संपलं तरी तसंच. पाठीमागं खिडकी हाय, तिथून शेजारची खाला पाणी देती."

"जमाना खराब हाय, पंच," याकोब म्हणाला. "जंक्शनचं ठिकाण. कोन कोन उतरतंय. ही जवान पोरगी. म्या बोट तरी लावलं का, इचारा की तिला."

"नाही ना लावलं बोट?" एका पंचानं तिला विचारलं.

"न्हाई."

"मग झालं तर. अहो, कुलूप आपण सगळेच लावतो की घराला!" तो म्हणाला आणि सगळे हसले. याकोबही हसला. माझे बाबा हसले. मीसुद्धा हसलो, कारण विनोद बरा होता.

ठरलं असं की शनिवारी दोघांनी ताटावर बसायचं. तोवर ती मास्तरांकडे राहील. याकोब एकटा गाडीनं गेला. सुवार्ता आमच्या घरी आली. आईनं तिला आपल्या खाटेवर घेतलं, तिच्या केसांना तेल लावलं, अंबाडीची भाजी तिला आवडते म्हणून रोज केली. पण आईनंही तिला काही सांगितलं नाही. बाबांच्या विरुद्ध बोलायला आईला बाबांचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते तिनं सोडलं होतं. सुवार्ता आमच्याकडे बघत असायची. ती अशिक्षित होती, आंधळी नव्हती.

बुधवारी आई बाजारात गेली होती. मी ओसरीवर पेटीची पट्टी दुरुस्त करत बसलो होतो. सुवार्ता शेंगा फोडत समोर बसली.

"भाऊजी, एक इचारू का? खरं सांगताल का?"

"विचारा की."

"मास्तर अन् बाई एकमेकांसंग बोलून न्हाई राहिले. मी आल्यापून बघून राहिले. तुमाला मधी घालतेत. वर्गात तर म्हनतेत, बाई, घास भरवला की मन मोकळं होतंय. मग ह्यायचं का न्हाई झालं?"

मी पट्टी काढून पुन्हा बसवली.

"माझा भाऊ उद्या मोंढ्यात माल घिऊन येतोय," ती म्हणाली. "म्हनला, येतीस तर चल, तुला दोन भाकरी मला जड न्हाईत. मास्तर म्हनतेत, शनिवारी बस, मानूस बदलतंय. आता तुमीच सांगा. ताटानं मानूस बदलत असंल तर म्या बसते. न्हाई तर उद्या भावासंग जाते. तुमी घरातले हाव. तुमाला ठावं."

मला एवढंच म्हणायचं होतं: नाही, बदलत नाही. त्याऐवजी माझी तरबेज जीभ चालली. मी म्हणालो, "वहिनी, वर्गाच्या आठवड्यात ते दोघं मौन पाळतात. शनिवारपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, मनातल्या मनात प्रार्थना करायची. म्हणून तर ताटाला गुण येतो. एरवी त्यांचं हसणं-बोलणं बघाल तर थक्क व्हाल." हे मी आयत्या वेळी रचलं. पाठ केल्यासारखं सफाईदार. सुवार्ताच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आगं बाई," ती म्हणाली, "अन् मी पापीण काय काय समजून राहिले." मला आतून बरं वाटलं. खोटं बोलल्यावर जीव चरकतो म्हणतात. माझा चरकला नाही. घराची अब्रू राखली म्हणून मी त्या दिवशी अंबाडीची भाजी दोनदा मागून घेतली.

गुरुवारी भाऊ आला आणि एकटाच परत गेला. शनिवारी याकोबनं घास भरवून सांगितलं, "माझं चुकलं." काय चुकलं ते नियमाप्रमाणे कुणी विचारलं नाही. कुलूप हा शब्द त्या खोलीत निघालाच नाही. "माझं बी," सुवार्ता म्हणाली आणि त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर गाडीत बसली.

पुढं काय झालं ते मुदखेडहून तिच्या शेजारणीनं, खालानं, स्वतः येऊन सांगितलं. खालाचा नवरा गँगमन होता. ती आमच्या दारात उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. "दिन में ही दर्दां उठे उसको," ती आईला म्हणाली. "दिन पूरे नै हुए थे. मैं खिडकी में से देख रई, हात अंदर जाता नै. ताला इत्ता बड़ा. आदमी को बुलाई, सब्बल से तोड़े. तब तक बच्चा हो गया था गे अम्मा. ठंडा." मग तिनं बाबांकडे बघितलं. "आप लोगां ने भेजे ना उसको?" बाबा म्हणाले, "प्रभूची इच्छा." खालाला मराठी चांगलं समजत होतं. ती पायरीवर थुंकली आणि गेली. ती थुंकी आईनं पुसली नाही. बाबांनी मला पुसायला लावली.

त्या संध्याकाळी आईनं मला जवळ बसवलं. "ती जायला निघाली होती भावाबरोबर. मला म्हणाली होती. मग कशी थांबली? तू काय सांगितलंस तिला?" मी सांगितलं. मौनाचंही सांगितलं. आईनं मला मारलं नाही, रागावलीही नाही. ती बाबांकडे पाहायची तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठून कामाला लागली.

पुढच्या वर्गाला बाबांनी याकोब आणि सुवार्ताला पुढच्या सतरंजीवर बसवलं. सुवार्ता वाळून काटकी झाली होती. "दुःखानं या दोघांना आणखी जवळ आणलं आहे," बाबांनी सुरुवात केली. मग ते आईसमोर बसले, काला केला, घास उचलला, खोलीभर नजर फिरवली. आईनं तोंड उघडलं नाही. बाबांचा हात तसाच. आमटी त्यांच्या बाहीत उतरत होती. "उघड," ते दातांतल्या दातांत म्हणाले.

आई त्यांच्याशी बोललीच नाही. ती मान वळवून सुवार्ताला म्हणाली, "पोरी, इकडं बघ. मी या माणसाशी कित्येक वर्षांत घरात एक शब्द बोललेले नाही. मौनबिऊन काही नव्हतं. इथून गेले की मी चुळा भरते. तुला कुणी काय सांगितलं ते सगळं—"

"बाईंना चक्कर येतेय," बाबा मोठ्यानं म्हणाले. "पाणी आणा. सुधीर, गीत!" आणि त्यांनी हात वर केला.

मला तिथं थांबता आलं असतं. आईचं वाक्य अर्धं होतं आणि तिनं माझ्याकडे पाहिलं होतं. मी भात्यावर हात ठेवला आणि वाजवायला लागलो. लोकांना तेच हवं होतं. बायका, पुरुष, हसणारे पंच, सगळे छातीच्या भात्यातून गायला लागले, इतके मोठ्यानं की मी त्यांना तसं कधी गाताना ऐकलं नव्हतं. आईचे ओठ हलत होते, आणि त्या आवाजाखाली ती बुडत होती. सगळ्यांनी मिळून एका बाईचं बोलणं देवाच्या नावानं दाबलं, आणि सूर मी धरला. डोळे मिटून गाणाऱ्या त्या चेहऱ्यांवरचं समाधान आठवलं की मला आजही उठून बाहेर जावंसं वाटतं.

पण सुवार्ता जवळ बसली होती. तिनं ऐकलं होतं. ती उठली. याकोबनं तिचा पदर धरला, तिनं तो हिसडून घेतला. आई उठली. दोघी हात धरून सतरंज्यांच्या मधून चालत बाहेर गेल्या. आईनं तिला स्टँडवर नेऊन मुखेडच्या बसमध्ये बसवलं आणि दिवेलागणीला घरी येऊन चूल पेटवली. बाबा पुढच्या खोलीतून म्हणाले, "सुधीर, विचार, जेवायला काय आहे." मी विचारलं.

आई वर्गाला पुन्हा गेली नाही. बाबांनी वर्ग बंद केला नाही. ते ताटासमोर एकटे बसायचे, बाईंची तब्येत बरी नसते म्हणून सांगायचे आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून डोळे पुसायचे. लोक त्याहीपेक्षा जास्त रडायचे. लातूरकरांनी तर त्यांना दोनदा बोलावलं. फ्लेक्सवरचं 'आदर्श' तिथून आलेलं आहे. तिथल्या लोकांनी आईला चक्कर आल्याचं ऐकलं, आणि मी ते कधी खोडलं नाही. आईच्या दफनाच्या वेळीही नाही, बाबांच्या वेळीही नाही. दोघांना शेजारी शेजारी पुरलं. तेही मीच ठरवलं. लोक काय म्हणतील म्हणून.

सुवार्ता वर्गातून उठून गेली, त्यानंतर काही महिन्यांनी आईनं तिचं आमच्याकडे राहिलेलं लुगडं धुऊन, घडी करून माझ्या हातात दिलं. "देऊन ये. आणि नुसतं देऊन येऊ नकोस." मुखेडला बाजाराचा दिवस होता. स्टँडपासून बाजारापर्यंत बैलगाड्या, बकऱ्या, जवारीच्या राशी. सुवार्ता भावाच्या शेजारी तरटावर बसून मिरच्या निवडत होती, देठं एकीकडे, खराब दुसरीकडे. तोंडावर पदर बांधलेला. अंगात थोडं मांस आलं होतं. मी लुगडं दिलं. तिनं ते मांडीवर ठेवलं आणि वर बघितलं.

मला वाटलं होतं की मी सांगेन आणि ती म्हणेल, जाऊ द्या भाऊजी, माझ्या नशिबात होतं. आमच्याकडे बायका असंच म्हणतात. मी त्याच आशेवर आलो होतो. मी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या बुधवारी मी खोटं बोललो. आई-बाबांचं मौन वगैरे काही नव्हतं. मी रचलं ते."

"ठावं हाय. बाईनं सांगितलं की."

"तुम्ही तशाही शनिवारी बसला असता का?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज कसा आला असेल, ते मला नीट माहीत आहे. उत्तर काय हवं ते आवाजातच होतं.

तिनं हातातल्या मिरचीचं देठ खुडलं. "न्हाई. भावासंग आले असते. गठुडं बांधून ठिवलं होतं." मग ती म्हणाली, "तुमचं ऐकून म्या बी मौन धरलं, भाऊजी. मुदखेडला. म्हनलं, मास्तर अन् बाई धरतेत, आपुन बी धरावं, त्याला गुण येईल. खाला खिडकीत येऊन लई इचारायची, कुलूप तोडू का, पोलिसात सांगू का, तुझ्या भावाला निरोप धाडू का. म्या तोंडच उघडलं न्हाई. पोटात कळा आल्या त्या दिशी बी सकाळच्या पारी म्या गप्पच हुते. लई उशिरा हाक मारली."

एवढं सांगून ती पुन्हा मिरच्यांकडे वळली. आवाजात राग नव्हता. असता तर मला ते सोपं गेलं असतं.

भाव करून गिऱ्हाईक गेलं तसा तिचा भाऊ आमच्याकडे वळला. "कोन हाय गं हे?"

"नांदेडच्या मास्तरचं पोरगं."

"बरं बरं. बसा की पाव्हणं. चहा सांगतो." तो उठायला लागला.

"नगं सांगू," सुवार्ता म्हणाली. "त्यायची गाडी हाय आता."

आमच्या मुलखात दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही. भावानं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली बसला. मी उठलो. सलाम म्हणालो; तिनं मान हलवली. नांदेडची गाडी संध्याकाळी होती. तोवर मी स्टँडवर, मुतारीच्या बाजूच्या भिंतीला टेकून, उभा राहिलो.